एकट्याची वाट आणि अंगावरचे वस्त्र

रायपूर शहराच्या पंडरी भागात कापडाचा मोठा घाऊक बाजार आहे. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतील दुकानदार तेथून ताग्यांनी कापड नेतात, आणि जवळच असलेल्या हाटात कोशाचे रेशीम व हातमागाचे कापड पाहावयास मिळते. ह्याच पंडरीत अनेक वर्षे शहराचे मुख्य बसस्थानकही होते. 2021 मध्ये ते भाठागाव येथे हलविण्यात आले. म्हणजे दीर्घ काळ अशी स्थिती होती की, शहराबाहेर पडू इच्छिणाऱ्या माणसाला वस्त्र आणि वाट ही दोन्ही एकाच परिसरात मिळत. ह्या दोहोंचा परस्परसंबंध काय, आणि मनुष्य एकटाच निघतो तेव्हा तो संबंध अधिक निकडीचा का होतो, ह्याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे. मराठीत एकांत, एकटेपणा आणि एकाकीपणा असे तीन शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एकाकीपणा ही मनाची पीडा आहे, एकटेपणा ही केवळ स्थिती आहे, आणि एकांत मात्र मनुष्य मागून घेतो. येथे अभिप्रेत आहे तो एकांत. 'फंक्शनल' ह्या इंग्रजी विशेषणासाठी 'कार्योपयोगी' असा प्रतिशब्द कोशांत शोभून दिसेल. परंतु आपल्याकडे 'कामाचे कपडे' हा शब्दप्रयोग पूर्वीपासून आहे आणि तो नेमके तेच सांगतो. समारंभाचे कपडे दुसऱ्यांनी पाहण्यासाठी असतात, कामाचे कपडे आपल्या देहासाठी. एकट्या वाटसरूला पाहणारा कोणी नसतो, हे ध्यानात घेतले की पुढील पुष्कळशा गोष्टी सोप्या होतात.

समुदायात चालणारा मनुष्य वाट पाहत नाही, तो पुढच्याची पाठ पाहतो. एकट्याला हे सुख नाही. वळणावरचा दगड, ओढ्याचा आवाज, वाऱ्याची बदललेली दिशा ह्या सर्वांची दखल त्यालाच घ्यावी लागते. आणि अशी दखल घेता घेताच निसर्गाशी त्याचा परिचय होतो. रायपूरच्या संदर्भात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 1877 मध्ये पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ओळखला गेलेला नरेंद्र नावाचा चौदा वर्षांचा मुलगा कुटुंबासह बैलगाडीने रायपूरला येत होता. आगगाडी तोपर्यंत येथे पोहोचली नव्हती. मध्य भारतातील अरण्यातून हा प्रवास अनेक दिवस चालला होता. वाटेत एका डोंगराच्या कड्यातील चिरेत वरपासून खालपर्यंत लोंबणारे प्रचंड मधाचे पोळे त्याच्या दृष्टीस पडले आणि काही काळ त्याचे बाह्य भान हरपले, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. तो गाडीत होता, सोबत माणसे होती. तरीही त्या क्षणापुरता तो एकटा होता. ह्या प्रसंगाचा आध्यात्मिक अर्थ ज्याने त्याने लावावा. आपल्यापुरते एवढे पुरे, की संथ गती, उघडे आकाश आणि आजूबाजूला न बोलणारे कोणी, ह्या तीन गोष्टी एकत्र आल्यावर साधे मधाचे पोळेही माणसाला हलवू शकते.

परंतु भान हरपण्याची मुभा ज्याला हवी, त्याचा देह सुरक्षित असावा लागतो. ह्या मुलाभोवती कुटुंब होते. एकट्याभोवती फक्त त्याचे वस्त्र असते.

मनुष्यदेह चालत असताना सतत उष्णता निर्माण करतो. मध्यम गतीने चालणाऱ्या प्रौढाच्या बाबतीत ती तासाला सुमारे अडीचशे किलोकॅलरी धरता येईल. ही उष्णता बाहेर टाकली गेली नाही तर देहाचे तापमान वाढत जाते आणि शेवट उष्माघातात होतो. थंड हवेत ती आपोआप निघून जाते. परंतु त्वचेचे तापमान साधारणतः 35 अंशांच्या आसपास असते, आणि रायपूरच्या मे महिन्यात हवेचे तापमान 42 ते 45 अंशांपर्यंत चढते. अशा वेळी वाहणारा वारा देहाला थंड करीत नाही, उलट तापवितो. उरतो तो एकच मार्ग, घामाच्या बाष्पीभवनाचा. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. येथे 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा. जो घाम ओघळून जमिनीवर पडतो तो पाणी आणि मीठ दोन्ही नेतो, पण उष्णता नेत नाही.

ह्यावरून कडक उन्हातील वस्त्राची अट निश्चित होते: त्याने उष्ण वारा व सूर्यकिरण अडवावेत, आणि घामाला वाळण्यापुरती मोकळी हवा आत खेळू द्यावी. उन्हाळ्यात कमीत कमी कपडे घालावेत ही समजूत ह्या अटीपुढे टिकत नाही. उघड्या हातापायांवर तापलेला वारा सरळ आदळतो. नागपूरकडील लोक वैशाखात कान, मान व डोके दुपट्ट्याने गुंडाळून घेतात, रायपूरकडील गमछाने. नवख्या पाहुण्याला हे गमतीचे वाटते, आणि दोन दिवसांनी तोही तसेच करू लागतो.

सैलपणाचे महत्त्व एका मनोवेधक प्रयोगातून पुढे आले. वाळवंटातील बदाऊनी लोक काळे झगे का घालतात, ह्या प्रश्नाचा शोध घेणारा एक निबंध 1980 मध्ये 'नेचर' ह्या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काळे कापड पांढऱ्याहून अधिक तापते हे तर मापनातही दिसले. परंतु त्वचेपर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच भरली. सैल झग्याच्या आत हवा खेळत राहते आणि काळ्या कापडाने घेतलेली अधिकची उष्णता ती अंगापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बाहेर नेते, असे त्याचे कारण दिले गेले. तात्पर्य, रंगाहून कापडाचा बेत अधिक मोलाचा. पंडरीत कापड घेताना गिऱ्हाईक रंग प्रथम पाहते, पन्हा नंतर. वाटसरूने हा क्रम उलटा करावा. पन्हा भरपूर असेल तरच शिंपी सदऱ्याला काखेत व पाठीत सैलपणा देऊ शकेल.

छत्तीसगडच्या गुराख्यांनी हा सारा विचार प्रयोगशाळेवाचून केलेला आहे. तेथील राऊत गुराख्याचा पारंपरिक वेष म्हणजे डोक्यावर बांबूच्या कामट्यांची रुंद खुमरी आणि खांद्यावर जाड लोकरीचा कमरा. खुमरी डोक्याबरोबर मानेवर व खांद्यांवरही सावली धरते, आणि पावसात तीच छत्री होते. हात मात्र मोकळे राहतात. कमरा म्हणजे आपल्या धनगरांच्या घोंगडीचा सख्खा भाऊ. घोंगडीची खोळ करून ती डोक्यावरून पाठीवर सोडली की पाऊस लोकरीच्या केसांवरून खाली निथळतो, आणि आतील थर बराच वेळ कोरडा राहतो. हा गुराखी दिवसभर एकटाच रानात असतो. एकट्याने निसर्गात हिंडण्याचे वेगळे नाव त्याने कधी दिले नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती रोजची चाकरी आहे. साहसाचे कपडे म्हणून आज जे विकले जाते, त्यातील बहुतेक कल्पनांचा उगम अशाच श्रमिकांच्या वेषात आहे, ही गोष्ट आपल्या शहरी भटक्यांनी विसरू नये असे मला वाटते.

खाकी रंगाची कथाही अशीच. खाक म्हणजे धूळ. 1846 मध्ये पेशावर येथे उभारलेल्या 'गाइड्स' पथकाने झगमगीत लाल डगल्यांऐवजी मातकट रंग पत्करला आणि पुढे तो जगभर पसरला.

पावसाळ्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर ह्यांनी टेफ्लॉन ताणून असंख्य सूक्ष्म छिद्रे असलेला एक पडदा तयार केला. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाहून फार लहान, पण बाष्पाच्या रेणूहून मोठी. म्हणजे पाऊस आत येत नाही आणि घामाचे बाष्प मात्र बाहेर जाते. युरोपातील थंड डोंगरांत ह्या शोधाने मोठी सोय झाली. तथापि बाष्प आपण होऊन बाहेर जात नाही. आत दमटपणा अधिक व बाहेर कमी असेल तरच ते जाते. रायपूरच्या श्रावणात, किंवा कोकणच्या आषाढात, बाहेरची हवाच बाष्पाने ओथंबलेली व उबदार असते. अशा हवेत ह्या महागड्या डगल्याचे छिद्रवैभव फारसे कामास येत नाही आणि माणूस आतून घामाने भिजतो. म्हणून आपल्या पावसाळ्यात चालताना भिजणे गृहीत धरावे, लवकर वाळणारे पातळ कापड अंगात घालावे, आणि एक कोरडा जोड मेणकापडात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जपावा, हा मार्ग शहाणपणाचा. कोकणातील इरले डोक्यापासून पाठीपर्यंत झाकते आणि पुढून सर्वस्वी उघडे असते. त्या उघडेपणातच त्याचे मर्म आहे.

लवकर वाळणे म्हणजे काय, हे तंतूच्या स्वभावावरून कळते. साधारण दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के बाष्प धरून असतो, रेशीम अकरा टक्के, लोकर सोळा टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. कापूस पाणी पितो आणि ते सोडावयास वेळ लावतो. उन्हाळ्यात हा त्याचा गुण, कारण ओला सदरा वाळेपर्यंत गारवा देतो. थंडीत तोच अवगुण, कारण पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने वाहून जाते. मैनपाटच्या पठारावर थंडीत दव गोठल्याच्या वार्ता येतात. तेथे चढण चढून घामेजलेल्या सुती गंजीफ्रॉकासह रात्र काढणे म्हणजे आजाराला निमंत्रण होय. लोकर ओली झाली तरी तिच्या कुरळ्या केसांत हवा अडकून राहते आणि ऊब सर्वस्वी जात नाही. एकच जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोनतीन थर बरे, हे तत्त्वही ह्या अडकलेल्या हवेवरच आधारलेले आहे. 1924 मध्ये एव्हरेस्टवर नाहीशा झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह 1999 मध्ये सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत व लोकर ह्यांचे अनेक थर आणि वर घट्ट विणीच्या गॅबार्डिनचा डगला होता. त्या वेषाची प्रतिकृती 2006 मध्ये एव्हरेस्टवरच घालून पाहण्यात आली. ती हलकी व सोयीची ठरली, मात्र उंचावर उघड्यावर रात्र काढण्यास अपुरी पडली असती असा अभिप्राय मिळाला. येथे कोशाच्या रेशमाची आठवण होते. ऐन व अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याचे हे रेशीम चांपा, कोरबा, रायगड ह्या भागांत विणले जाते, आणि आपण ते लग्नसमारंभासाठी राखून ठेवतो. जुन्या शालीचा तुकडा मानेभोवती गुंडाळून थंडीतली एक पहाट नदीकाठी काढावी, म्हणजे त्याचा दुसरा उपयोग कळेल.

रानात आणखी वेगळ्या अटी लागू होतात. हरणवर्गातील प्राण्यांवर झालेल्या अभ्यासांतून असे दिसते की, त्यांना तांबडा व नारिंगी रंग वेगळा ओळखता येत नाही, पण निळसर प्रकाश फार चांगला दिसतो. त्यामुळे धुण्याच्या पावडरीतील चमक देणाऱ्या द्रव्यांनी उजळलेला पांढराशुभ्र सदरा त्यांच्या डोळ्यांत भरतो. पक्षी पाहावयास जाणाऱ्याने धुवट, मळखाऊ, मातकट कपडे घालावेत. आग्या मोहोळाच्या मधमाशा गडद रंगावर व अत्तराच्या वासावर चवताळतात. वाळवंटात निर्दोष ठरलेला काळा रंग येथे टाळावा लागतो. कुसळी गवत सैल विणीच्या कापडात सुईसारखे शिरते, तेव्हा पायजम्याचे कापड दाट विणीचे हवे, आणि त्याची टोके मोज्यांत खोचलेली हवीत, म्हणजे गोचिडीही वर चढत नाहीत. सर्पदंश बहुधा पावलावर व घोट्याजवळ होतात. ह्यासाठी चप्पल घालून रानात जाऊ नये, मग ती कितीही सवयीची असो.

आवाजाची गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. कुमाऊंच्या रानात एकट्याने नरभक्षक वाघांचा माग काढणारा जिम कॉर्बेट पातळ रबरी तळव्याचे बूट वापरीत असे, कारण त्याला निःशब्द चालावयाचे होते. त्याचे अनुकरण सर्वांनी करू नये. छत्तीसगडच्या रानांत अस्वले आहेत, आणि मोहाची फुले गळतात त्या मार्च-एप्रिलच्या दिवसांत ती पहाटे मोहाच्या झाडाखाली येतात. अस्वल सहसा पाठलाग करून मारीत नाही; ते दचकते आणि हल्ला करते. निःशब्द चालणारा एकटा मनुष्य अवचित पुढ्यात उभा राहिला, तर त्याचे मऊ बूट हेच त्याच्या मरणाचे निमित्त होऊ शकते. मोहफुले वेचावयास जाणाऱ्या माणसांवर असे हल्ले वारंवार होतात. अशा वाटेवर काठी आपटीत, खाकरत, गाणे म्हणत जावे. एकांताचा भंग होतो खरा. पण तो परवडतो.

येथे कायद्याचीही जाणीव हवी. रायपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेले बारनवापारा हे 1976 मध्ये घोषित झालेले अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार अशा क्षेत्रात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही, आणि तेथे पायी एकटे हिंडण्याचा हट्ट धरू नये. एकट्याला चालावयाचे असेल तर महानदीचा काठ आहे, सिरपूरच्या विटांच्या देवळाभोवतीची शेते आहेत. राजिमच्या पंचक्रोशीत पाच शिवस्थानांची पायी यात्रा करण्याची जुनी प्रथा आहे, आणि त्या वाटांवरील गावांना अनोळखी पांथस्थाची सवय आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा विषय अधिक नाजूक होतो. अठराव्या शतकाच्या मध्यापासून 1854 पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते, तेव्हापासून मराठी घराणी येथे नांदत आली. पण छत्तीसगडी 'लुगरा' आणि मराठी 'लुगडे' ह्यांचे नाते त्याहून जुने असावे. दोन्हीकडील कष्टकरी स्त्रियांनी हे वस्त्र कामाचे बनविले. रोपणीच्या वेळी लुगरा गुडघ्यापर्यंत खोचला जातो. नऊवारीच्या कासोट्याने पाय मोकळे होतात, ओच्यात वस्तू राहतात, कनवटीला पैसे राहतात. शहरातील नव्या वेषात ह्या सोयी गेल्या. स्त्रियांच्या तयार कपड्यांना पुष्कळदा खिसाच नसतो, आणि एकटीने बाहेर पडणाऱ्या स्त्रीला सारा ऐवज हातातल्या पिशवीत न्यावा लागतो. पिशवी गेली की सर्व गेले. एकटी स्त्री वाटेवर दिसली की तिला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवर कोणत्याही कापडाचा इलाज नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु धावता येईल असा सलवारीचा घेर, घट्ट बसणारे बूट आणि अंगालगतचा खोल खिसा, एवढ्या गोष्टी तिच्या हाती आहेत, आणि त्या हाती असल्याने तिच्या चालण्यात फरक पडतो.

एकट्याने केलेल्या प्रवासाची कमाल पाहावयाची तर समुद्राकडे वळावे लागेल. नौदलातील दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून 'म्हादेई' ह्या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून निघाले आणि वाटेत चार बंदरे घेऊन 19 मे 2010 रोजी परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी ह्यांनी 2012–13 मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. दक्षिणेकडील महासागरात वस्त्राची एक निराळीच अडचण असते. खाऱ्या पाण्याने भिजलेले कापड वाळविले तरी त्यातील मीठ हवेतील दमटपणा पुन्हा ओढून घेते आणि कापड ओलसरच राहते. गोड्या पाण्याने धुतल्यावाचून ते कोरडे होत नाही, आणि गोडे पाणी तर मोजकेच असते. शिवाय एकट्या नाविकाच्या अंगावरील सर्वांत मोलाची वस्तू कापडाची नसून पट्ट्याची असते. त्याला नौकेशी बांधून ठेवणारा तो पट्टा सुटला, तर नौका वळवून आणावयास वर कोणी नसते.

अभिलाष टॉमी सप्टेंबर 2018 मध्ये दुसऱ्या एका प्रदक्षिणेत हिंदी महासागरात वादळात सापडले, डोलकाठी मोडली आणि पाठीला गंभीर दुखापत होऊन ते नौकेतच अडकून पडले. तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. ते कोठे आहेत हे जगाला ठाऊक होते, म्हणून हे शक्य झाले. 2023 मध्ये त्यांनी तीच शर्यत पुन्हा लढवून दुसरा क्रमांक मिळविला.

महानदीच्या काठी एक दिवस चालणाऱ्याची गोष्ट एवढी मोठी नसते. पण पाय मुरगळून तो बाभळीखाली बसला, तर त्याचाही ठिकाणा कोणाला तरी ठाऊक असावा लागतो. निघण्यापूर्वी वाट, परतण्याची वेळ आणि वाटेतील गावांची नावे कागदावर लिहून घरी ठेवावीत. भ्रमणध्वनीवर विसंबू नये. नदीच्या खोलगट भागात तो मुका होतो. दुसऱ्या कागदावर आपले नाव, रक्तगट, चालू असलेले औषध आणि घरचा क्रमांक लिहून तो प्लास्टिकच्या लहान पाकिटात घालावा व अंगावर ठेवावा. पाठीवरची पिशवी दूर पडू शकते, अंगातला सदरा पडत नाही. म्हणून सदरा शिवावयास टाकताना छातीवर झाकण व गुंडी असलेला एक खिसा सांगून करून घ्यावा. शिंपी विचारील, उजवीकडे की डावीकडे. ज्या हातात काठी धरावयाची नाही, त्या हाताला तो न पाहता उघडता आला पाहिजे.